बिनफुलांची उतरण

१

आमच्या दारासमोर पिवळी पाटी आहे. ‘वरचं कुरण, एक तास वीस मिनिटं. सोपी वाट.’ खाली बाबागाडीचं चित्र. रोज सकाळी खानावळीचं दार उघडलं की पहिली ती दिसते, आणि रोज सकाळी माझं डोकं तापतं.

सोपी! कुणाला सोपी? माझा जन्म याच हाल्डा गावातला, लिश्टेनश्टाइनच्या डोंगरातला. गावच्या शाळेत जेवढं शिकवलं तेवढं शिकले आणि चुलीशी उभी राहिले. या वाटेनं आयुष्यभर चढले-उतरले, गवताचे भारे पाठीवर घेऊन, पोटात पोर घेऊन. पण ती सोपी आहे असं आमच्यात कधी कुणी म्हणालं नाही. ओल्या दिवसांत ओढ्यावरच्या वळणाला आम्ही बोलणंसुद्धा बंद करायचो. मग एगोननं पत्रक छापलं, ‘पाहुण्यांसाठी सोप्या आणि सुंदर वाटा’, आणि वाट एका रात्रीत सोपी झाली.

एगोन म्हणजे गावची गुरं उन्हाळ्यात वर पाठवणाऱ्या आमच्या गोपाळ मंडळाचा अध्यक्ष. गावातलं मोठं हॉटेल त्याचंच. शाळेत माझ्या शेजारी बसायचा आणि नाक बाहीला पुसायचा.

गेल्या वर्षी सप्टेंबरात त्या सोप्या वाटेवर, त्याच वळणाला, कापडी बूट घातलेली एक पाहुणी फोटोसाठी कडेच्या गवतावर उतरली आणि घसरली. माझा धाकटा भाऊ थेओडूल वरच्या कुरणावर गुरं राखायचा, चीज करायचा. ओरडणं ऐकून तो धावला. खाली उतरून त्यानं तिला वर ढकललं. ती वर आली. तो गेला.

बाईनं पुढं एगोनच्या कचेरीला आभाराचं कार्ड पाठवलं. मला नाही.

आता या उन्हाळ्यात थेओच्या जागी माझी पोरगी वर आहे. व्हेरेना, चोवीस वर्षांची. मी नको म्हणाले. ती म्हणाली, “मग काय एगोनकाका येऊन धारा काढणार?” जूनमध्ये गाई चढल्या त्यांच्याबरोबर चढली. अंगात मामाचा निळा सदरा. थेओचे दोनच होते. एक त्याच्याबरोबर पुरला, दुसरा हिनं घेतला.

२

जुलैच्या पहिल्या आठवड्यात डच नवराबायको वाट उतरून माझ्याकडे जेवायला टेकली. शहाणीसुरती माणसं. चीजमधल्या पिठाच्या गोळ्या आणि वर सफरचंदाचा मोरंबा दोघांना वाढला. बाई म्हणाली, “आम्ही वाचलं होतं की गाईंची उतरण सप्टेंबरात असते.”

“असतेच सप्टेंबरात.”

“पण आज उतरत होत्या की. ओढ्याच्या वळणाला. आमच्या मागून आल्या, आम्ही कडेला उभं राहून वाट दिली. छान शिस्तीत.” मग थोडी हिरमुसून म्हणाली, “चित्रात तर डोक्यावर फुलं असतात. यांना काहीच नव्हतं.”

“घंटासुद्धा वाजत नव्हत्या,” नवरा म्हणाला. “गळ्यात होत्या मोठाल्या, पण आवाज नाही.”

माझ्या हातातला चमचा भांड्यातच राहिला.

आमच्याकडे उतरणीला गाईंच्या शिंगांना फुलं बांधतात. उन्हाळाभर सगळ्यांत जास्त दूध दिलेल्या गाईच्या कपाळावर लाकडी बदाम बसतो, पत्त्यांतल्या बदामासारखा, रंगवलेला. नंतर तो मालकाच्या गोठ्यावर ठोकायचा, पिढ्यान्‌पिढ्या मिरवायचा. पण ज्या उन्हाळ्यात वर माणूस दगावलं, त्या वर्षी फुलं नाहीत, बदाम नाही. घंटांमध्ये गवत कोंबतात आणि गाई मुक्या उतरतात. हे कुणी पत्रकात छापत नाही.

“फोटो काढलाय,” नवरा म्हणाला आणि त्यानं मोबाईल पुढं केला.

ओली वाट, कुंपण, ओढ्याचं वळण. एकही गाय नाही.

“अरे?” तो बोटानं मागंपुढं करत राहिला. “काढला होता मी.”

मी बिल ठेवलं आणि आत गेले. माझा थरकाप बिरकाप काही उडाला नाही. संताप आला. वाटलं, गावातल्या कुणीतरी पढवून पाठवलंय. कारण गेल्या वर्षी थेओला पुरून अकरा दिवस झाले होते आणि गाई फुलं लावून उतरल्या होत्या. घंटा वाजवत. चार बसगाड्या भरून पाहुणे टाळ्या वाजवत होते. गावात अजून लोक कुजबुजतात की एगोननं हॉटेलच्या खोल्या भरायला मेलेल्या माणसाचा मान मारला.

दुपारी वळणापर्यंत चढून गेले. शेण बघायला. चाळीस गाई वाटेवरून जातात आणि शेणाचा एक पो नाही? देवाच्या गाई असल्या तरी शेण टाकतील. वाट स्वच्छ होती. खुरांचे ठसेही नव्हते.

फक्त दोन्ही कडांचं गवत वाटेपासून बाहेरच्या बाजूला कललेलं होतं. गुरं घासून गेल्यावर कलतं तसं. वारा असेल, मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

३

नऊ दिवसांनी हाम्बुर्गची एक शिक्षिका आली. एकटी, साठीची, बुटांना नीट चरबी लावलेली. तिनं स्वतःहून काही सांगितलं नाही. मीच विचारलं, “वाटेत गुरं लागली का?”

“लागली. बाकापाशी.”

बाक म्हणजे वळणाच्या बरंच खाली.

“फुलं होती?”

“नाही.” तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमच्याकडचा तो गुराखी फार सुरेख चालतो हो. उताराला उलटा, गाईंकडं तोंड करून. मी बाकावर बसले होते. तो बाकाशी येईपर्यंत मला नुसती पाठच दिसली, आणि मग मध्ये गाई आल्या. निळा सदरा.”

“माणूस की बाई?”

“डोक्यावर पोत्याची खोळ होती. सांगता नाही येणार. सडपातळ होतं कुणीतरी.”

उलटं चालणं ही थेओची रीत. तीव्र उताराला गाई बिचकतात, तेव्हा तो त्यांच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागं टाकत उतरायचा, हळू आवाजात नावं घेत. अख्ख्या देशात असं कुणी करत नसे. अख्खा देश म्हणजे तरी केवढा, पाहुणे एका दिवसात लिश्टेनश्टाइन बघून झाला म्हणतात. थेओ सडपातळच होता.

आणि ही रीत त्यानं एकाच माणसाला शिकवली. तीही सडपातळ आहे.

शिक्षिका गेल्यावर मी वर झोपडीत फोन लावला.

“काय गं आई? चीज कढईत आहे, लवकर बोल.”

“आज गाई खाली आणल्या होत्यास?”

“हो, राजधानीत, वाडुझला फिरवून आणल्या. कॉफी पाजली.”

“व्हेरेना, थट्टा नको.”

“मग काय विचारतेस! चाळीसच्या चाळीस समोर चरतायत. तुझी लेर्खा सगळ्यांना ढुशा मारतेय, मालकिणीवर गेलीये.”

“तू खाली ये. चार दिवस.”

“आणि धारा?”

“धारा गेल्या खड्ड्यात!”

आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. ती मऊपणे म्हणाली, “आई, मामाची आठवण येतेय का? मलाही येते. सप्टेंबरात मी त्याच्यासारखी उलटी चालत उतरवीन बघ सगळ्यांना. तू दारात उभी राहा.”

मी फोन ठेवला. बिनफुलांची उतरण एकाच गोष्टीला असते. वर कुणीतरी मेलेलं असतं. पाहुण्यांना दिसत होती ती गेल्या वर्षीची, जी व्हायला हवी होती आणि झाली नाही? की या वर्षीची, जी अजून व्हायचीय?

पुढं कोण चालत होतं, एवढंच मला कळायला हवं होतं. आणि दिसली होती ती फक्त पाठ.

४

एगोनकडे गेले. तो हॉटेलच्या ओट्यावर खिडक्यांतल्या फुलांना पाणी घालत होता.

“वाट बंद कर,” मी म्हणाले.

“या, बसा, कशा आहात, असं काही म्हणायची पद्धत असते, रेगुला.”

“पाटी काढ. आणि माझ्या पोरीच्या जागी दुसरं कुणी पाठव.”

“जुलैत माणूस कुठून आणू? झाडाला लागतात का गुराखी?” त्यानं झारी खाली ठेवली. “ते गाई दिसण्याचं ना? माझ्याही कानावर आलंय. धुकं असतं, उंचीवर लोकांना भोवळ येते, एकानं सांगितलं की दुसऱ्याला दिसतं.”

“तुझ्या सोप्या वाटेवर भोवळ येते होय? मग छाप की पत्रकात!”

“ओरडू नकोस. पाहुणे जेवतायत.”

“जेवू देत! गेल्या वर्षीही जेवतच होते. माझा भाऊ अकरा दिवसांचा मेलेला, आणि तू गाईंना फुलं बांधलीस!”

मग एगोननं असं केलं जे त्यानं दहा महिन्यांत केलं नव्हतं. तो माझ्याजवळ आला, अगदी जवळ, आणि खालच्या आवाजात बोलला.

“गाव मला शिव्या घालतं, मी ऐकून घेतो. चर्चमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही, तेही चालतं. तू भाऊ गमावलास म्हणून गप्प आहे. पण माझ्या तोंडावर तरी नको, रेगुला. मी तुझ्या स्वयंपाकघरात आलो होतो. टोपी हातात घेऊन. म्हणालो, बसगाड्या ठरल्यात, पण तू नाही म्हण, मी सगळ्या परत पाठवतो, आत्ता घंटांत गवत भरायला सांगतो. आठवतं?”

मी खिडकीतल्या फुलांकडे बघितलं.

“तू कणीक मळत होतीस. मान वर न करता विचारलंस, लेर्खा दुधात पहिली आली का? मी म्हणालो, आली. बावीस वर्षांत तुझ्या गोठ्यातली गाय पहिल्यांदा. आणि तू काय म्हणालीस?”

“मला माहितीये मी काय म्हणाले.”

“मग सजवा, म्हणालीस.”

त्यानं झारी उचलली. पुन्हा फुलांना पाणी घालू लागला. त्याची मान लाल झाली होती.

मी परत आले ती सगळ्या गावावर रागावत आले. एगोनवर, पाटीवर, कापडी बुटांच्या त्या बाईवर. वाट संपली आणि माझा गोठा आला. गोठ्याच्या भिंतीवर बदाम. लाल रंग, कडेनं सोनेरी, मध्ये लेर्खाचं नाव आणि साल. बावीस वर्षं तसा बदाम मी शेजाऱ्यांच्याच भिंतीवर बघितला होता. राग ठेवायला आणखी जागा उरली नाही.

५

तिसरं सांगणं फार लवकर आलं. दोनच दिवसांत.

दुपारचे साडेतीन वाजले असतील. नदीवरून धुकं चढत चढत माझ्या अंगणापर्यंत आलं होतं. एक तरुण बाप, बाबागाडी ढकलत, वाटेवरून घाईघाईनं आला. गाडीतलं मूल टक्क जागं, पण चूप.

“पुढं जाता येईना,” तो म्हणाला. “हौदापाशी सगळी वाट गुरांनी भरलीये. उभी आहेत नुसती.”

हौद माझ्या दारापासून दहा मिनिटांवर.

“गुराखी?”

“आहे ना. मी आवाज दिला, वाट द्या म्हणून. त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.”

मी वर फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वीसदा वाजला असेल. मी स्वतःला सांगितलं, ती बाहेर असेल, कुंपण दुरुस्त करत असेल, ओढ्यावर कढई घासत असेल. ओढा शब्द मनात आला आणि मी फोन ठेवला.

पहारीनं बदाम उपटला. खिळे गंजले नव्हते, वर्षभराचेच होते, तरी भिंतीचा चुना घेऊन निघाले. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, “बाई, आमची कॉफी?” मी म्हणाले, “चुलीवर आहे, ओतून घ्या.” बदाम काखेत मारला आणि एप्रनसकट वाटेला लागले.

६

धुक्यात आपलेच बूट दुसऱ्याचे वाटतात. दोनदा थांबून ऐकलं. हौदाच्या पाण्याची धार रोज पार खालपर्यंत ऐकू येते. आज नव्हती. कापूस कोंबल्यासारखं सगळं.

आधी वास आला. ओल्या गाईंचा. त्या वासाला मी फसायची नाही, जन्म गेलाय त्यात. मग धुक्याच्या खालच्या कडेशी पाय दिसले. पुष्कळ पाय, एकामागं एक. वर गळ्यातल्या घंटा, आणि प्रत्येक घंटेच्या तोंडातून गवत बाहेर आलेलं. कपाळं उघडी.

आणि त्यांच्या पुढं, माझ्या बाजूला, पाठ.

निळा सदरा. खांद्यावरून पोत्याची खोळ. ती पाठ एक पाऊल माझ्याकडे आली. थांबली. आणखी एक पाऊल. तसंच, टाच आधी चाचपत. गाई त्या पावलामागं पाऊल टाकत होत्या.

उजव्या खांद्यावर ठिगळ होतं. मी लावलेलं, माझाच टाका, काळ्या दोऱ्याचा. पण कुठल्या सदऱ्याला लावलं होतं मी? पुरला त्याला, की राहिला त्याला? तिथं उभी राहून मी आठवत होते. एवढी साधी गोष्ट. दिव्याशी बसून लावलेलं ठिगळ. थेओ समोर बसून चिडवत होता, “ताई, तुझ्या टाक्यानं मला टोचतं.” त्यानं कुठला सदरा अंगात घातला होता आणि कुठला माझ्या मांडीवर होता? नाही आठवलं.

पाठ हातभर अंतरावर आली. खोळीवरचे धुक्याचे थेंब दिसत होते. आता हाक मारली असती तर वळली असती. वळली असती तर मला कळलं असतं.

मी हाक मारली नाही.

“मी होय म्हणाले,” मी त्या पाठीला सांगितलं. आवाज चढला, भांडल्यासारखाच चढला, मला दुसरा येत नाही. “एगोन नाही. मी! तू मातीत अकरा दिवसांचा आणि मी लाकडाच्या फळकुटासाठी होय म्हणाले. घे तुझं. आणि तिला हात लावायचा नाही, ऐकतोस? तिनं काही केलेलं नाही. थांबवायचं तर मला थांबव.”

पाठ थांबली. मागच्या गाई थांबल्या.

मग मला कळलं काय करायचं ते. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्या घरानं उतरणीच्या पुढं चालायचं असतं. बोडक्या डोक्यानं, मागं न बघता, गोठ्यापर्यंत. गेल्या वर्षी मी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

डोक्याचा रुमाल सोडला. वळले. बदाम दोन्ही हातांनी पाठीमागं धरला आणि चालू लागले. मानेवर ऊब येत होती, थांबत होती, येत होती.

अंगणात सहा-सात गिऱ्हाईकं बसली होती. बाबागाडीवाला आपल्या पोराला काही भरवत होता. कुणी काही पाहिलं असं त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. पण मी जवळून गेले तेव्हा कडेच्या टेबलावरच्या माणसानं पसरलेले पाय आत ओढून घेतले, खुर्ची मागं सरकवली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली, गुरं जाईपर्यंत धरतात तशी. मग आपण असं का केलं ते न कळून इकडंतिकडं बघू लागला.

गोठ्याची दोन्ही दारं उघडली. माझी जनावरं जूनपासून वर होती, आत कोरडं गवत आणि कोळीष्टकं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, जिथं खिळे उपटलेली चार भोकं होती. भोकांकडे बघत राहिले. माझ्या मागून एकेक जात होतं. अंगाला न लागता, पण इतकं जवळून की एप्रनची नाडी हलत होती.

शेवटी कुणीतरी थांबलं. धूर आणि ताकाचं पाणी, तो वास. वर झोपडीत राहणाऱ्या सगळ्यांना येतो तो. माझ्या बोटांतून बदाम कुणीतरी अलगद सोडवून घेतला.

मी डोळे मिटले नाहीत. वळलेही नाही.

७

फोन भिंतीवर आहे, स्वयंपाकघरात, गोठ्याच्या बाजूच्या खिडकीशी. पाच वाजत आले होते. वर लावला. वाजला, वाजला, वाजला.

“काय गं!” व्हेरेनाचा आवाज. दमलेला, चिडका, जिवंत. “धारेची वेळ आहे, माहितीये ना?”

मी स्टूल ओढून बसले.

“कुठं होतीस मघाशी?”

“ओढ्यावर. पाय सटकला जरा.”

“काय?”

“काही नाही गं, वळणाला. एकदम निसटले. मग काठावरचं गवत हाताला लागलं, बाहेरच्या अंगाला कललेलं, चांगलं जाड. धरलं आणि आले वर. खरचटलंय एवढंच. आधी तू सांग, तू वर येऊन मला न भेटता गेलीस?”

“मी?”

“मग बदाम कुणी आणला? लेर्खाचा. झोपडीच्या दारावर टांगलाय, मामाच्या टोपीच्या खुंटीला. तोही उलटा, रंग भिंतीकडे करून. आत्ता ओढ्यावरून आले तेव्हा दिसला. कुणी टांगला हा?”

एगोनचं नाव तोंडाशी आलं होतं. सवयीनं आलं.

“मी,” म्हणाले. “मीच. राहू दे तो तसाच. आणि ऐक, गेल्या वर्षी फुलं बांधा म्हणून सांगितलं तेही मीच. एगोननं विचारलं होतं. बदाम मिळणार म्हणून मी होय म्हणाले. उद्या गावात जाऊन सांगणार आहे. त्याआधी तुला सांगितलं.”

तिचा श्वास आणि लांब घंटा. वाजणाऱ्या.

“आई,” ती शेवटी म्हणाली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मी त्यासाठी बसलेच होते. पण तिचा आवाज वेगळा झाला. “आई, तुझ्या मागं गाई कशा हंबरतायत? आपल्या सगळ्या तर इथं आहेत.”

मी रिसीव्हर खाली धरला. खिडकी बंद होती. तरी येत होतं. एक नाही, पुष्कळ. भरल्या आचळाच्या गाई वेळ टळत आली की हंबरतात तसं.

“धारेची वेळ झालीये,” मी म्हणाले. “ठेव आता. मलाही कामं आहेत.”

फोन ठेवला, बादली विसळली, आणि बाह्या वर सारून गोठ्यात गेले.